न वाकणारा रूळ

रिसालीच्या आमच्या नव्या घरात दुपारी एक आवाज यायचा. जेवणं उरकलेली असायची, माय मोरीत भांडी घासत असायची, आत्या हॉलमध्ये भिंतीला टेकून लाखोळीची डाळ पाखडत असायची, आणि वरून, छताकडून, एकदाच यायचा : टिंग. मोठा नव्हे. कोणी पितळेच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी तेवढाच. पण तो आला की घरातले बाकीचे सगळे आवाज थांबायचे. सूप थांबायचं, मोरीतलं पाणी थांबायचं, आणि आम्ही एकमेकींकडे न पाहता वर पाहायचो. वर पाहण्यासारखं काही नसायचं. चुना दिलेल्या फरशा, आणि त्यांच्या मधोमध या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला, काळा रंग दिलेला रेल्वेचा रूळ. थोड्या वेळाने आत्या पुन्हा सूप हलवायला लागायची, पण हळू, पाहुणा झोपलेला असताना हलवावं तसं.

रूळ घराच्या छतात कसा गेला, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. भिलाईच्या माणसाला नाही. आमच्या गावात अर्ध्या लोकांचं पोट रुळांवर भरायचं. पोलादाच्या प्लांटमध्ये रूळ लाटले जात, आणि जुने, तुटके, नापास झालेले तुकडे फिरतफिरत भंगारवाल्यांच्या आवारात येऊन पडत. घर बांधणारा जो तो तुळईच्या जागी तेच घेई. दोन भिंतींवर रूळ ठेवायचा, त्याच्या दोन्ही अंगांना भिंतीपर्यंत दगडी फरशा टाकायच्या, वर चुना-सिमेंटचा थर, झालं छत. कोणी शंका काढलीच तर एकच उत्तर ठरलेलं : "ज्याच्यावरून मालगाडी जाते, त्याले तुही फर्शी जड होईन का?" या उत्तरावर कोणी पुढे बोलत नसे. मीही बोलले नव्हते, आणि मी तर तेव्हा शिकलेली होते.

बाबांचा तर रुळांवर जीवच होता. प्लांटमध्ये ते रूळ सरळ करण्याच्या प्रेसवर होते. लाटून थंड झालेला रूळ कुठेतरी किंचित वाकलेला असतो. तो दाबून ताठ करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रुळाच्या टोकाशी वाकून, एक डोळा मिटून ते त्याच्या लांबीवरून नजर टाकत आणि सुताएवढा बाक सांगत. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. बाजारातून आणलेलं लाटणं, दाराची चौकट, अंगणातला वाळत घालायचा बांबू, सगळ्यांवरून एक डोळा मिटून नजर फिरायची. माझ्या पाठीवरूनसुद्धा. "मंदे, ताठ बस," हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आजही लिहिताना पाठीला कोणी बोट लावल्यासारखं वाटतं. निवृत्ती जवळ आली, क्वार्टर सोडावं लागणार म्हणून त्यांनी रिसालीला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. आमच्या घराण्यात भंडाऱ्याकडच्या गावात कुडाच्या भिंतींपलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. त्या घराचा हॉल त्यांना मोठा हवा होता, सगळी भावकी मावेल एवढा. तेवढ्या लांबीचा तुकडा मिळेना, म्हणून दोन तुकडे जोडून घेतले. रिसाली बाजारातल्या वेल्डरने आधी एक हातभर लांबीचा जोड नमुना म्हणून करून दाखवला. बाबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "एकदम सरळ. टाका."

तो नमुन्याचा तुकडा अंगणात पडून होता. माय त्यावर पाण्याचा हंडा ठेवायची.

त्याच दिवसांत मी कॉलेजच्या स्ट्रक्चर्स लॅबमध्ये संशोधनाचं काम करत होते. मार्गदर्शक होते थॉमस सर, केरळचे, प्लांटच्या पहिल्या पिढीबरोबर वडिलांचं बोट धरून आलेले. आमचा विषय सांगायला सोपा होता : बीमवर वजन ठेवायचं आणि ते किती वाकतं ते पाहायचं. गंमत अशी की वजन ठेवलं की बीम वाकतं आणि थांबतं, असं नसतं. काँक्रीटचं आणि लाकडाचं बीम वजन तेवढंच ठेवलं तरी पुढे महिनोन्‌महिने वाकत राहतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं हळू, पण राहतं. लॅबच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची अशी बीमं होती, लोखंडी ठोकळ्यांखाली ठेवलेली. खाली काटा फिरणारं एकेक डायल गेज. शनिवारी मी आकडा लिहून कुलूप लावायची, सोमवारी सकाळी कुलूप काढायची आणि काटा पुढे गेलेला असायचा. यात भुताटकी काही नाही, मी स्वतः नंतर आयुष्यभर पोरांना फळ्यावर त्याची कारणं शिकवली. पण सोमवारी ते दार उघडताना माझा हात कडीवर थोडा अडायचा, हे खरं. आत कोणी नव्हतं, खिडक्या बंद होत्या, आणि तरी आत काहीतरी घडत राहिलं होतं. सालाच्या लाकडाचं बीम कधीकधी माझ्यासमोर कुरकुरायचं. मी "हो हो, लिहिते" असं त्याला म्हणायची. माणूस एकटं असलं की काय काय बोलतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण शेवंता. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, भिलाई-३ च्या बाजूला गँगच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार. धुक्याच्या एका सकाळी रुळावर काम करताना गाडी आली. गाडी दिसली की गँगमधला पहारेकरी लांब आवाज देतो, आणि सगळे हातातली हत्यारं घेऊन रुळाबाहेर होतात. त्या सकाळी आत्याच्या नवऱ्याला तो आवाज ऐकू गेला नाही. आत्या तेव्हापासून आमच्याकडे होती. मूल नव्हतं. ती बोलायची कमी, पण तिचे कान विलक्षण होते. गँगच्या क्वार्टरमध्ये राहून तिला सवय होती : रुळावर हात ठेवून ती गाडी दिसायच्या कितीतरी आधी सांगायची.

नव्या घरात आल्यावर एका दुपारी मी लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत हॉलमध्ये आत्या पाठमोरी उभी होती. अंगणातला वाळत घालायचा बांबू तिने आत आणला होता. त्याचं एक टोक वर रुळाला टेकवलेलं आणि दुसरं टोक तिच्या कानाला. डोळे मिटलेले. तोंड थोडं उघडं. मी हाक मारली तरी ती हलली नाही, नुसता एक हात वर करून मला थांबवलं, फोनवर बोलणारं माणूस थांबवतं तसं.

"आत्या, काय करून राहिली व?"

"पटरी बोलून राहिली."

"काय बोलते?"

"गाडी येऊन राहिली म्हनते. दूर हाय आजून."

"कोनती गाडी? हे घर हाय आत्या."

"घर हाय तं काय झालं," ती डोळे न उघडता म्हणाली, "पटरी तं पटरीच हाय ना."

मग तिने बांबू माझ्या कानाला लावला. मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक घूं-घूं, फार दुरून, गावाबाहेरून काहीतरी निघाल्यासारखी. बांबूतून असं ऐकू येणारच, बाहेरच्या रस्त्यावरच्या ट्रकची थरथर भिंतीतून रुळात जाते आणि रुळातून बांबूत. मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात त्या घूं-घूंच्या आतून, अगदी कानात, टिंग झालं. मी बांबू सोडून दिला. आत्याने तो पडू दिला नाही, झेलला आणि जाऊन अंगणात जागेवर बांधून आली.

बाबांपुढे हे बोलायची सोय नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक वैनगंगेत सोडले होते, आणि बाबा त्यावेळी नदीपर्यंत बरोबर गेले होते. आत्याने एकदा जेवताना भीतभीत गाडीचं नाव काढलं, तर त्यांनी घास खाली ठेवला. "देव गेले तवा भुतंबी त्याइच्याच संगं गेले. माह्या घरात कोनी येऊन नाई राहिलं, गाडी नाई अन् कोनी नाई. समजलं?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून ते हसलेसुद्धा. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली खाट आतल्या खोलीतून उचलून हॉलमध्ये आणली आणि बरोबर रुळाच्या खाली, मधोमध, टाकली. "आता पाहू कोन येते." त्या दिवसापासून ते तिथेच झोपत. हॉलबद्दल त्यांचा भलताच चाळा सुरू झाला. आत्या डाळ घेऊन बसली की, "जा, अंगनात बस, ऊन चांगलं हाय." शेजारची पोरं खेळायला आली की, "हॉल खराब करतान, निघा." मायने माझं अभ्यासाचं टेबल तिथे मांडायचं काढलं, तर नाही म्हणाले. माय मला म्हणायची, "म्हातारपनी नवं घर झालं ना, नाकावर माशी बसू नाई देत." आम्ही हसायचो. भावकी मावेल एवढा म्हणून बांधलेल्या हॉलमध्ये शेवटी ते एकटेच राहायला लागले.

मी माझ्या परीने शहाणपणा केला. रविवारी रुळाखाली दोन भिंतींना खिळे मारून एक बारीक दोरी ताणली, लॅबमध्ये करतो तशी, आणि पट्टीने दोरी ते रूळ अंतर मोजलं. टोकाशी आणि मध्ये. पुढच्या रविवारी पुन्हा. काही फरक नाही. अजून काही आठवड्यांनी पुन्हा. सुताचाही फरक नाही. बाबांनी खाटेवर बसून हे सगळं पाहिलं.

"काय म्हनते तुही दोरी?"

"काहीच वाकला नाई, बाबा."

"वाकनच कसा," ते म्हणाले. पण नेहमीसारखं फुशारून म्हणाले नाहीत. मला वाटलं, पोरीने आपल्या कामावर शंका घेतली म्हणून राग आला असेल.

मी सोमवारी थॉमस सरांना सांगितलं, हसत, की आमच्या घरात एक बीम आहे जे बोलतं पण वाकत नाही. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बीम कशाचं? मी सांगितलं. जोड कुठे आहे? बरोबर मध्ये. कोणी केला, गरम करून केला का, हळू थंड होऊ दिला का? मला माहीत नव्हतं. ते बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "रूळ पटरी पर अकेला गाडी नहीं उठाता, मंदाकिनी. उसके नीचे हर हाथ पर लकड़ी का स्लीपर होता है. तुम्हारे घर में स्लीपर कहाँ है?" आणि मग : "वो टुकड़ा ले आओ, सॅम्पलवाला."

मायचा हंडा मी जोत्यावर ठेवला आणि तो हातभर तुकडा सायकल रिक्षात घालून लॅबमध्ये नेला. आधी सरांनी साध्या लोखंडाची जाड पट्टी मशीनमध्ये घातली, मला माहीत असलेलंच पुन्हा दाखवायला. वजन वाढत गेलं, पट्टी वाकत गेली, वाकत गेली, लाटण्याखाली पोळी सरकावी तशी सावकाश. शेवटी धनुष्यासारखी झाली पण मोडली नाही. मग रुळाचा तुकडा. जोड बरोबर मध्ये, खालच्या बाजूला. काटा चढू लागला. तुकडा ताठ. अजून चढला. ताठ. लॅबमध्ये पंखा बंद होता, भर दुपारची वेळ, बाहेर गुलमोहराखाली पोरं बोलत होती. आणि त्या ताठ तुकड्यातून आवाज आला : टिंग.

तोच आवाज. मी शपथेवर सांगते, आमच्या हॉलमधलाच आवाज होता तो. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग लगेच आणखी एक. आणि मग बंदुकीचा बार व्हावा तसा धडाका झाला आणि तुकड्याचे दोन भाग झाले. जाळीला आपटून एक भाग खाली गडगडत आला. सरांनी तो उलटा केला. मोडलेल्या तोंडावर थोडा भाग काळपट, जुना, गंज चढलेला. बाकी सगळा साखरेसारखा चकाकणारा, ताजा. "ये काला वाला पहले से टूटा था," ते म्हणाले. "झुका ही नहीं. बस बोला, और गया."

संध्याकाळी मी बाबांसमोर ते दोन्ही तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं. जोडाच्या आत चीर आहे, रोज ऊन चढलं-उतरलं की ती थोडी पुढे जाते, तो आवाज तिचा आहे. खाली टेकू लावू, लाकडी बल्ल्या लावू, मग दुसरा गर्डर टाकू. दुसऱ्या दिवशी घरी बुद्धवंदना आणि जेवण होतं, बाबांच्या निवृत्तीचं आणि घराचं मिळून. सगळी भावकी येणार होती, आत्याच्या सासरची भिलाई-३ ची माणसंसुद्धा. मी म्हटलं, निदान उद्या कोणाला हॉलमध्ये बसवू नका, छतावर चढू देऊ नका. त्यांनी तुकड्याच्या काळ्या तोंडावरून अंगठा फिरवला. पुष्कळ वेळ फिरवला.

"तुही मशीन काईबी मोडन," ते म्हणाले. "उद्या मांडव अंगनात हाय. हॉलात कोनी नाई बसनार."

"अन् टेकू?"

"पाव्हने येतीन अन् घरात बल्ल्या उभ्या पाहतीन? परवा पाहू."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी रात्री मायला सांगितलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिच्या नवऱ्याबद्दल काही वाईट ऐकून आले होते.

थंडीचे दिवस होते. अंगणात मांडव होता खरा, पण अंगण घराच्या सावलीत होतं आणि ऊन होतं ते छतावर. वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि मांडवात गारठलेली पाहुणेमंडळी आपणहून जिना चढायला लागली. एकाने वर सतरंजी नेली, दुसऱ्याने पत्रावळी. कोणी काही बोलायच्या आत पंगत छतावर बसली, बरोबर मध्ये, जिथे ऊन चांगलं होतं. भात, लाखोळीचे वडे, पाटोडीची रस्सा भाजी, बुंदी. वाढणारे वर-खाली करू लागले. मी वर जाऊन म्हटलं, खाली चला, छत कच्चं आहे. देवराव, आत्याच्या दिराचा मुलगा, गँगमध्येच होता, तो म्हणाला, "इंजिनीयरीन बाई, खाली पटरी हाय ना? आमी रोज पटरीवरच असतो." सगळे हसले. एकाने माझ्या हातात वडा ठेवला.

मी बाबांना शोधायला खाली धावले. ते मांडवात नव्हते. यजमान असून पाहुण्यांत नव्हते. हॉलचं दार लोटलेलं होतं. आत बाबा आपल्या खाटेवर बसले होते, एकटे, नवं धोतर, नवी टोपी, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. वर पाहत होते. डोक्यावर पंगतीच्या पायांचा धबधब आवाज, पोरांची धावाधाव, हसणं, आणि खाली ते. मी म्हटलं, "बाबा, त्याइले उतरवा." त्यांनी ओठ हलवले पण शब्द आला नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. छतातून आवाज आला. आणि लगेच दुसरा. लॅबमध्ये आला होता तसा, पाठोपाठ.

माझ्या मागून कोणीतरी निघून गेलं. आत्या होती. दारात उभी होती ती, मला कळलंही नव्हतं. ती अंगणात गेली, मांडवाबाहेर मोकळ्यावर उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली. ती बाई मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "गाडीऽऽऽ!"

तो शब्द नव्हता, ती गँगची हाळी होती. लांब, सरळ, शेवटी वर जाणारी. छतावर क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळे पाय एकदम उठले. भिलाई-३ ची माणसं पत्रावळी हातात घेऊन उठली, विचार न करता, जशी रोज उठतात, आणि दोन बाजूंना होऊन कठड्याला पाठ लावून उभी राहिली. मध्ये सतरंजीवर कोणी उरलं नाही. त्यांना पाहून बाकीचेही सरकले. पोरांना त्यांनी दंडाला धरून ओढलं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जिकडून गाडी येणार तिकडे. तिकडे रिसालीची घरं होती आणि पाण्याची टाकी होती. देवरावच्या हातात वाढायचा झारा होता, तो त्याने हत्यार धरतात तसा अंगाशी धरला होता. कोणी हसलं नाही. नंतर देवराव मला म्हणाला, "हाळी आयकल्यावर पाय आपल्या मनानं निघते, ताई. अन् आवाज कोनाचा होता तेबी नाई समजलं आमाले. गडीमानसाचा वाटला."

आत्या तोवर हॉलमध्ये आली होती. तिने बाबांचा हात धरला. "दादा, गाडी आली. ऊठ."

बाबा माझं ऐकून उठले नव्हते. तिचं ऐकून उठले. धाकट्या बहिणीने हात धरून त्यांना बाहेर नेलं, आणि बाहेर येऊन ते जिन्याकडे पाहून, कोणाकडेही न पाहता म्हणाले, "पंगत अंगनात घ्या." माणसं कठड्याकठड्याने उतरली.

आणि मग काहीच झालं नाही. अंगणात पंगत पुन्हा बसली. हळूहळू चेष्टा सुरू झाली, शेवंताबाईची गाडी लेट आहे, कोणत्या फलाटावर येते विचारा. आत्या तुळशीपाशी नाही, तुळस आमच्याकडे नव्हती, जास्वंदीपाशी बसून हसऱ्या चेहऱ्याने हे ऐकत होती. ऊन उतरलं. छत थंड होऊ लागलं. पाहुणे निघायच्या तयारीत, मायने उरलेले वडे डब्यांत भरले, कोणीतरी चप्पल शोधत होतं. दिवेलागणीला हॉलमध्ये बार उडाला. सगळं घर एकदा दचकलं, मग फरशांचा लांबच लांब गडगडाट, खरोखर गाडी पुलावरून जावी तसा, आणि हॉलच्या दारातून पांढरी धूळ हळूहळू बाहेर आली आणि अंगणात पसरली. धुक्यासारखी. कोणी ओरडलं नाही. त्या शांततेत आत्या उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "गेली."

धूळ बसल्यावर आम्ही आत पाहिलं. खाट फरशांच्या खाली चेंदामेंदा झाली होती. रुळाचे दोन तुकडे तिच्यावर पडले होते, दोन्ही एकदम सरळ.

आत्याला त्यानंतर छतातून कधी काही ऐकू आलं नाही. ती आणखी खूप वर्षं जगली आणि गाडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मला मात्र अजूनही काही दुपारी, वीज गेलेली असली आणि घर गप्प असलं की, वर पाहावंसं वाटतं. मी आवाजांची कारणं सांगण्यात आयुष्य घालवलं, पण धुक्याच्या त्या सकाळी तिच्या नवऱ्याला ऐकू न गेलेली हाळी आत्याच्या गळ्यातून इतक्या वर्षांनी कशी निघाली, याचं कारण मला फळ्यावर मांडता येणार नाही.

हॉलला नंतर साध्या लोखंडाचा गर्डर टाकला. तो वाकतो. वर माणसं चढली की थोडा, चालेल इतका. बाबा शेवटपर्यंत मला दोरी ताणायला लावत आणि फरक निघाला की खूश होत. "वाकला ना? मंग ठीक हाय." त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही अशीच दोरी धरली होती, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते एकदम म्हणाले, "मंदे, तो आवाज मले पयल्याच दिवशी वळखू आला होता."

मी दोरीवरून नजर उचलली.

"प्रेसवर रूळ असा टिचकला का आमी सारे मांगं हटत होतो. जिंदगीभर आयकला तो आवाज. मले नाई वळखू येनार?"

"मंग सांगितलं कावून नाई, बाबा?"

"काय सांगू? लोकाइचे रूळ सरळ करता करता मानूस म्हातारा झाला, अन् स्वताच्या घरात फुटका टाकून बसला म्हनून? जीभच नाई उचलली." त्यांनी दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या दिवशीबी नाई उचलली. वरतं लेकरं होते."

मी विचारलं, "अन् मंग खाट कावून टाकली होती तुमी, बरोबर त्याच्याच खाली?"

त्यांनी एक डोळा मिटून दोरीवरून माझ्याकडे पाहिलं, लहानपणी पाहायचे तसं.

"दुसरं कोनी तिथं टाकू नाई म्हनून," ते म्हणाले. "दोरी ढिली झाली, मंदे. ताठ धर."